मुलांना दुसऱ्याचें मन कसें कळतें ?

आई कांहीं कारणानें डोळे पुसत बसली असली, तर दोन-अडीच वर्षांचें मूल तिच्याजवळ येतें, क्षणभर तिच्या तोंडाकडे टक लावून पाहतें आणि मग आपली स्वतःची बाहुली आणून तिच्या मांडीवर ठेवतें. घरांतील मोठीं माणसें हें पाहून हंसतात व तो प्रसंग पुढें कित्येक दिवस पाहुण्यांना सांगतात. परंतु त्या लहानशा कृतींत मनुष्यस्वभावांतील एक मोठी गोष्ट सांठवलेली असते. आईला दुःख झालें आहे हें मुलाला कळलें आहे. तें दूर करावें अशी इच्छाहि त्याला झाली आहे. कळलें नाहीं तें इतकेंच कीं, आईचें समाधान बाहुलीनें होणार नाहीं. आपल्याला जें हवें तेंच दुसऱ्यालाहि हवें असतें, अशी त्याची समजूत आहे. त्याच्यापाशीं माया आहे, परंतु दुसऱ्याची दृष्टि अद्याप आलेली नाहीं.

तें वय सरतें, बाहुली मागें पडते. पण ती समजूत मात्र पुष्कळांच्या ठिकाणीं जन्मभर टिकून राहते. ‘दुसऱ्याचा विचार करावा’ हा उपदेश सुशिक्षित घरांतून मुलांना दिवसांतून दहा वेळां होत असतो. तो विचार करावयाचा म्हणजे नेमकें काय करावयाचें, हें मात्र क्वचितच सांगितलें जातें. ह्या प्रश्नाचा उलगडा करून घेण्यास पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा ह्या दोन तालुक्यांकडे पाहणें फार उपयोगाचें आहे. मुंबईपासून हा मुलूख जेमतेम दीडशें किलोमीटरांच्या आंतबाहेर. तरीहि शहरांतील कुटुंबाला तेथील कुटुंबाच्या जागीं उभें राहून जगाकडे पाहणें अतिशय अवघड जातें.

जव्हार हें सह्याद्रीच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागांत सुमारें १५०० फूट उंचीवर वसलेलें गांव. मुकणे घराण्याच्या संस्थानाची ही राजधानी होती. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, पुढें हा प्रदेश ठाणें जिल्ह्यांत राहिला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यांत आला. मोखाडा हा त्याला लागून असलेला, डोंगरांत अधिकच आंत गेलेला तालुका. दोन्ही तालुक्यांत दर दहा माणसांमागें नऊ आदिवासी आहेत : वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी. उतारावर नागली व वरई, खालच्या खाचरांत भात, आणि बाकीचें जंगल. पावसाळ्यांत शहरांतील कुटुंबें येथें धबधबे पाहावयास येतात, जव्हारच्या हनुमान पॉइंटवर उभीं राहून समोरची दरी पाहतात, जयविलास राजवाड्यापुढें छायाचित्रें काढतात आणि संध्याकाळच्या आंत परत फिरतात. त्यांना डोंगर दिसलेला असतो. डोंगराच्या पलीकडच्या उतारावरच्या पाड्यांतून तोच डोंगर कसा दिसतो, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

डोंगर पाहणाऱ्या मुलांविषयींचाच एक प्रयोग बालमानसशास्त्रांत प्रसिद्ध आहे. स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ झां पियाजे व त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनीं तो १९४८ सालच्या आपल्या ग्रंथांत वर्णिला. मेजावर तीन डोंगरांचा देखावा मांडलेला असे. एका डोंगराच्या माथ्यावर बर्फ, दुसऱ्यावर लहानसें घर, तिसऱ्यावर क्रूस. मुलाला एका बाजूस बसवीत, दुसऱ्या बाजूस एक बाहुली ठेवीत, आणि बाहुलीला हे डोंगर कसे दिसत असतील तें समोरच्या चित्रांतून निवडावयास सांगत. सहासात वर्षांच्या आंतील बहुतेक मुलें स्वतःला दिसणारेंच चित्र निवडीत. यावरून पियाजे यांनीं असा निष्कर्ष काढला कीं, लहान मूल आपल्याच जागेला खिळलेलें असतें; तेथून सुटून दुसऱ्या जागेची कल्पना करणें त्याला साधत नाहीं.

हें मत पुष्कळ वर्षें प्रमाण मानलें गेलें. पुढें १९७५ च्या सुमारास मार्टिन ह्यूज या संशोधकानें तोच प्रश्न वेगळ्या रीतीनें विचारला. त्यानें मेजावर दोन भिंती एकमेकींना छेदतील अशा उभ्या केल्या, दोन ठिकाणीं दोन बाहुले पोलीस ठेवले आणि मुलाच्या हातीं एक बाहुला देऊन सांगितलें, “ह्याला पोलिसांच्या नजरेस पडणार नाहीं असा लपव.” साडेतीन ते पांच वर्षांच्या मुलांनीं दिलेल्या दर दहा उत्तरांपैकीं नऊ बरोबर आलीं. दोन निरनिराळ्या पोलिसांना काय दिसेल याचा हिशेब एकाच वेळीं करून तीं मुलें बिनचूक कोपरा शोधीत होतीं. मार्गारेट डोनाल्डसन या विदुषीनें १९७८ सालच्या आपल्या पुस्तकांत याचें कारण उकलून दाखविलें. लपणें, शोधणें, कोणाची तरी नजर चुकविणें, हें मुलाच्या रोजच्या अनुभवांतील आहे. त्यांत कोणाचा कांहीं हेतु आहे. मेजावरच्या बाहुलीला तीन डोंगर कसे दिसतात, ह्या प्रश्नांत मुलाच्या दृष्टीनें असा कोणताच अर्थ नव्हता.

ह्या दोन प्रयोगांतून निघणारा बोध थोडा गंमतीचा आणि बराचसा गंभीर आहे. मुलांना दुसऱ्याच्या जागेवरून पाहतां येत नाहीं, असें म्हणणाऱ्या मोठ्यांनींच आपला प्रश्न मुलांच्या जागेवरून पाहिला नव्हता. ही चूक प्रयोगशाळेपुरती राहिली असती, तर तिचें एवढें महत्त्व नव्हतें. परंतु ती शाळेंत होते, घरांत होते, आणि जव्हार-मोखाड्यासारख्या मुलखांत तिची किंमत मुलांना आपल्या शिक्षणानें भरावी लागते.

मुलाच्या मनाची वाढ कशी होते याविषयीं आतां आणखीहि कांहीं निश्चित कळलें आहे. १९८३ सालीं हाइन्त्स विमर व योझेफ पेर्नर यांनीं मुलांना एक गोष्ट सांगितली. एका मुलानें आपलें चॉकलेट एका कपाटांत ठेवलें व तो खेळावयास गेला. तो नसतांना आईनें तें दुसऱ्या कपाटांत ठेवलें. परत आल्यावर तो चॉकलेट प्रथम कोठें शोधील ? तीनचार वर्षांचें मूल म्हणतें, “दुसऱ्या कपाटांत”. कारण तें तेथें आहे हें त्याला स्वतःला ठाऊक असतें. पांच-सहा वर्षांचें मूल हंसून सांगतें, “पहिल्या कपाटांत; त्याला बिचाऱ्याला माहीत कोठें आहे ?” आपल्याला जें ठाऊक आहे तें दुसऱ्याला ठाऊक नसेल, आणि चुकीच्या समजुतीनेंहि माणूस प्रामाणिकपणें वागतो, हें ज्ञान ह्या वयांत उगवतें. टारा कॅलहन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं कॅनडा, भारत, पेरू, सामोआ व थायलंड ह्या पांच देशांतील मुलांची याच धर्तीवर परीक्षा घेतली. सगळीकडे तीन वर्षांचीं बहुतेक मुलें चुकलीं आणि पांच वर्षांचीं बहुतेक मुलें बरोबर ठरलीं. ही शक्ति कोणा एका समाजाची मिरास नाहीं, हाच याचा अर्थ. दादरच्या बिऱ्हाडांतील मूल आणि मोखाड्याच्या पाड्यांतील मूल, दोघेंहि साधारण एकाच वयांत ह्या उंबरठ्यावर येतात.

उंबरठ्यावर येणें निराळें आणि तो ओलांडून दुसऱ्याच्या घरांत जाणें निराळें. शक्ति आली म्हणजे ती वापरली जातेच असें नाहीं. एक साधी गोष्ट घ्यावी. डोंगरावरच्या शाळेंत पहिलीच्या वर्गांत एक मूल येतें. त्याच्या घरीं वारली, कोकणा, ठाकरी किंवा कातकरी बोली बोलली जाते. शिक्षकांची प्रमाण मराठी त्याच्या कानाला नवी असते, पुस्तकांतील चित्रें शहरांतील असतात. शिक्षक प्रश्न विचारतात. मूल गप्प राहतें. शिक्षक पुन्हा विचारतात. मूल खालीं पाहतें. शिक्षकांच्या बाजूनें पाहिलें तर मूल मंद आहे, किंवा आडमुठें आहे. मुलाच्या बाजूनें पाहिलें तर एक मोठा, अनोळखी माणूस न कळणारे शब्द मोठ्यानें उच्चारीत आहे, आणि अशा वेळीं गप्प राहणें हेंच शहाणपणाचें आहे. दोघांचेंहि वागणें आपापल्या जागेवरून समंजसपणाचेंच असतें. परंतु हजेरीपुस्तक व प्रगतिपुस्तक एकाच्याच हातीं असतें; म्हणून एकाचेंच मत लिहिलें जातें.

याच जिल्ह्यांत ही चूक ओळखून ती सुधारणाऱ्या दोन स्त्रिया होऊन गेल्या. ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ सालीं भावनगर येथें नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली होती. माँटेसोरी पद्धतीचें शिक्षण तेव्हां मुख्यतः सुखवस्तु घरांतील मुलांना मिळत असे. १९४५ सालीं ताराबाई समुद्रकांठच्या बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं काम करावयास आल्या व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ सालीं हें कार्य डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीजवळ गेलें. बालमंदिर उघडलें म्हणजे मुलें आपण होऊन येतील, ही अपेक्षा तेथें फोल ठरली. मुलें येईनात, तेव्हां त्यांना बोल लावण्याऐवजीं त्या दोघींनीं कारण शोधलें. तें कारण मुलांच्या दिनक्रमांत सांपडलें. मोठें भावंड धाकट्याला कडेवर घेऊन सांभाळीत असे, आईबाप कामावर जात, दहा वर्षांचा मुलगा गुरांमागें रानांत असे. मुलाला शाळा नको होती असें नाहीं; शाळेला त्याचा दिवस ठाऊक नव्हता.

मग शाळेनेंच आपली जागा बदलली. मुलें जेथें असत त्या घरांच्या अंगणांत बालवाडी भरूं लागली. तिचें नांव अंगणवाडी. गुरें चारणाऱ्यांसाठीं कुरणशाळा निघाली. गुरें चरत आणि मुलें तेथेंच शिकत. विकासवाडींत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणल्या गेल्या, म्हणजे कडेवरचें भावंड पाळणाघरांत देऊन मोठी बहीण वर्गांत बसूं शके. महागड्या साधनांच्या जागीं बिया, शिंपले, पानें, काड्या आल्या. कारण त्या वस्तु मुलांच्या ओळखीच्या होत्या. पुढें १९७५ सालीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली व अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्या शब्दाचा उच्चार करतांना एवढें लक्षांत ठेवावें कीं, त्याच्या मुळाशीं एक साधा प्रश्न होता : “मूल येत नाहीं, तें कां ?”

जव्हार-मोखाड्यांत हा प्रश्न अजूनहि संपलेला नाहीं. डोंगरउताराची शेती पावसावर चालते. भात-नागली घरांत आली कीं गांवांत काम उरत नाहीं, आणि दिवाळीच्या पुढेंमागें अनेक कुटुंबें वसई, भिवंडी, कल्याण अशा भागांत वीटभट्टीवर किंवा बांधकामावर मजुरीला जातात. मुलें बरोबर जातात. हजेरीपुस्तकांत त्यांच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण पडते. त्या खुणेंत मुलाची एकहि गोष्ट येत नाहीं : त्यानें बोचकें डोक्यावर घेऊन केलेला प्रवास, भट्टीजवळच्या झोपडींतील रात्रीची थंडी, धाकट्या बहिणीची जबाबदारी, पावसाळ्यांत परत आल्यावर मागें पडलेला अभ्यास. अशा झोपडीला भोंगा म्हणतात. विधायक संसद या संस्थेनें वीटभट्ट्यांवर जाऊन मुलांसाठीं भोंगाशाळा चालविल्या, त्या ह्याच जाणिवेनें. अंगणवाडी अंगणांत गेली, भोंगाशाळा भोंग्यापाशीं गेली. दोहोंचें तत्त्व एकच.

आतां शहरांतील मुलाकडे वळूं. त्याच्यापुढें जव्हार-मोखाड्याचें चित्र कोणत्या रूपानें येतें ? १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांतून आल्या, आणि तेव्हांपासून पुष्कळ शहरी घरांत ह्या मुलखाचें नांव कुपोषण ह्या एका शब्दाशीं जोडलें गेलें. तें दुःख खरें होतें व त्याची चर्चा होणें अवश्य होतें. परंतु त्याच्या आधारें मुलाला जेव्हां असें सांगण्यांत येतें कीं, “बघ, तिकडे मुलांना जेवायला मिळत नाहीं, आणि तूं पानांत टाकतोस,” तेव्हां त्याला दुसऱ्याची दृष्टि मिळत नाहीं. त्याला मिळते ती कींव, आणि तिच्या जोडीला आपल्या सुदैवाविषयीं थोडासा अभिमान. कींव करणारा आपली जागा सोडीत नाहीं. तो उंचावरून खालीं पाहतो. बाहुली देणाऱ्या मुलाची माया तरी निष्पाप होती.

याच ठिकाणीं पाण्याचें उदाहरण घेतां येईल. मोखाडा तालुक्यांत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तरीहि उतार तीव्र, खडक काळा व कठीण, म्हणून पाणी जमिनींत मुरण्याऐवजीं वाहून जातें. मार्च-एप्रिलपासून कित्येक पाड्यांतील विहिरी तळ गांठतात आणि टँकरची वाट पाहावी लागते. याच तालुक्यांत कोचाळे गांवाजवळ वैतरणा नदीवर मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ पासून तें मुंबईला दररोज सुमारें ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी पुरवितें. ह्या दोन गोष्टी एकत्र ठेवून आठदहा वर्षांच्या मुलाला शांतपणें विचारावें : “सकाळीं सात वाजतां तूं नळ सोडतोस. त्याच वेळीं मोखाड्याच्या पाड्यांतील तुझ्या वयाची मुलगी हंडा घेऊन विहिरीकडे निघालेली आहे. तिला हें धरण माहीत आहे. तुझ्या नळाविषयीं तिला काय वाटत असेल ?” मूल पहिल्यानें म्हणेल, “तिला वाईट वाटत असेल.” तेथें न थांबतां पुढें विचारावें : “आणखी काय ? तिला राग येत असेल का ? कीं धरण बांधतांना कोणाला काम मिळालें, हें तिच्या घरीं बोलत असतील ? कीं ती तुझा विचारच करीत नसेल, आणि तिच्या मनांत फक्त आज टँकर येईल का एवढेंच असेल ?” उत्तर एकच नाहीं, हें मुलाला कळणें हीच त्या संभाषणाची कमाई.

मात्र येथें एक धोका आहे. दुसऱ्याच्या जागीं स्वतःला कल्पिलें म्हणजे त्याचें मन कळलें, अशी आपली समजूत होते. ती तपासून पाहण्यासाठीं ताल एयाल, मेरी स्टेफेल व निकोलस एप्ली यांनीं पंचवीस प्रयोग केले व २०१८ सालीं ते प्रसिद्ध केले. दुसऱ्याच्या जागेची नुसती कल्पना करणाऱ्यांचे अंदाज कल्पना न करणाऱ्यांपेक्षां अधिक अचूक निघाले नाहींत. अंदाज सुधारला तो दुसऱ्याशीं बोलून, त्याला विचारून घेतल्यावर. कल्पना ही वाटेची सुरुवात आहे. वाट पुरी होते ती विचारण्यानें. ज्याचें जळतें त्याला कळतें, ही म्हण आपण नेहमीं वापरतों. तिचा दुसरा अर्थ असाहि घ्यावा कीं, ज्याला कळतें त्यालाच विचारावें.

एक लहान उदाहरण पुरें होईल. उन्हाळ्यांत जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावरून शेतांत जाळलेले काळे तुकडे दिसतात. गाडींतील मूल म्हणतें, “ह्या लोकांनीं जमीन कां जाळली ?” आणि पुढच्या आसनावरून उत्तर येतें, “अडाणीपणा, दुसरें काय !” थांबून एखाद्या शेतकऱ्याला विचारलें असतें, तर तो म्हणाला असता कीं, हा राब आहे. रोपें करावयाच्या जागेवर डहाळ्या, पालापाचोळा व शेण पसरून तें पावसाआधीं जाळतात. त्यानें तणाचें बी मरतें, राखेचें खत मिळतें आणि रोप जोमदार येतें. यांत झाडांच्या फांद्या जातात, म्हणून त्याविरुद्ध बोलणारेहि आहेत, आणि तें बोलणें ऐकण्याजोगें आहे. परंतु कारण समजून घेऊन मतभेद सांगणें आणि कारण न विचारतां दोष देणें, यांतील अंतर मुलाला त्या एका थांब्यांत दिसलें असतें. दुसऱ्याची बाजू समजणें म्हणजे ती मान्य करणें नव्हे. ही गोष्ट मुलांना स्पष्ट सांगावी, नाहींतर समजूतदारपणा म्हणजे आपलें म्हणणें गिळणें असा त्यांचा ग्रह होतो.

दुसऱ्याच्या जागीं जाण्याच्या ह्या कलेचीं साधनें त्या मुलखांत पूर्वींपासून आहेत. होळीनंतर जव्हार-मोखाड्यांत बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे व पुराणांतील पात्रांचे मुखवटे घालून माणसें रात्रीं संबळाच्या तालावर नाचत येतात. कोणतें सोंग कोणीं आणावयाचें हें घराण्याघराण्यांत ठरलेलें असतें; कोणाकडे देव असतो, कोणाकडे राक्षस. राक्षसाचें सोंग आणणाऱ्याला राक्षसाच्या चालीनें चालावें लागतें, त्याच्या अवसानानें पावलें टाकावीं लागतात. आणि पाहणाऱ्या मुलांना ठाऊक असतें कीं, मुखवट्याच्या आंत आपलाच कोणी काका किंवा आजा आहे. शहरांतील घरांतहि मुलें नाटकें करतात. त्या वेळीं दरवेळीं राजा होणाऱ्याला एकदां चोर होऊं द्यावें, आणि “चोरी कां केलीस ?” असें चोराला विचारावें. वाईट माणूस स्वतःला वाईट समजत नसतो, हा शोध मुलाला अशा खेळांतून लागतो.

वारल्यांच्या चित्रांतहि अशीच एक शिकवण आहे. लग्नाच्या वेळीं सुवासिनी घराच्या भिंतीवर चौक लिहितात. वारली चित्रांत तारपा वाजविणाऱ्याभोंवतीं नाचणारांचें वेटोळें वरून पाहिल्यासारखें दिसतें. पण त्या वेटोळ्यांतील प्रत्येक माणूस मात्र समोरून किंवा बाजूनें पाहिल्यासारखा असतो. एकाच चित्रांत अनेक जागांवरून पाहिलेलें जग सुखानें नांदतें. तें चित्र भिंतीवर शोभेसाठीं लावणाऱ्या घरांनीं मुलाला एकदां विचारावें, “हें काढणारी बाई कोठें उभी असेल ?” त्या प्रश्नावर मूल बराच वेळ विचार करील.

रोजच्या संसारांत याचा उपयोग कसा करावा ? अमेरिकेंत मार्टिन हॉफमन व हर्बर्ट साल्ट्झस्टाइन यांनीं १९६७ सालीं असें दाखविलें कीं, जीं आईबापें मुलाच्या चुकीनंतर नुसती शिक्षा न करतां त्या कृत्याचा दुसऱ्यावर काय परिणाम झाला तें समजावून सांगतात, त्यांचीं मुलें दुसऱ्यांची अधिक कदर करणारीं निघतात. म्हणून “असें करूं नये” एवढें म्हणून न थांबतां, “तूं तिचें चित्र फाडलेंस, तें तिनें दोन दिवस बसून काढलें होतें,” असें म्हणावें. दोन भावंडांचें भांडण झालें, तर न्यायाधीश होण्याची घाई करूं नये. दादाला म्हणावें, “ताईचें म्हणणें काय आहे तें तूं सांग,” आणि ताईला विचारावें, “हें बरोबर सांगितलें का ?” तिनें ‘हो’ म्हटल्यावर तिची पाळी. पुष्कळ भांडणें येथपर्यंत येतां येतांच निवतात. गोष्ट वाचून दाखवितांना मधेंच थांबून, “हें ससोबाला ठाऊक आहे का ?” असें विचारावें. आणि मुलाच्या स्वतःच्या रागाला व रडण्यालाहि तितकेंच ऐकून घ्यावें. ज्याचें कोणी ऐकत नाहीं, त्याला दुसऱ्याचें ऐकण्याची संवय लागत नाहीं.

ह्या सर्वांहून मोठी शाळा म्हणजे घरांतील मोठ्यांचें वागणें. भांडीं घांसावयास येणाऱ्या बाई एखाद्या दिवशीं आल्या नाहींत, तर घरांत पहिलें वाक्य कोणतें उच्चारलें जातें ? “ह्यांचें हें नेहमींचेंच !” असें, कीं “मावशी कां आल्या नसतील ?” असें ? दुसऱ्या दिवशीं त्या आल्यावर त्यांना प्रथम काय विचारलें जातें, आणि त्यांचें उत्तर पुरें होईपर्यंत कोणी ऐकतें का ? शाळेच्या हजेरीपुस्तकांतील गैरहजेरीची खूण आणि स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवरची खाडयाची खूण ह्या दोन बहिणी आहेत. दोहोंच्या मागें एक माणूस आहे, आणि त्याच्याजवळ एक कारण आहे. मूल हें सारें पाहत असतें. त्याला केलेले दहा उपदेश ह्या एका प्रसंगापुढें टिकत नाहींत.

ताराबाई आणि अनुताई यांना आपण आखलेलें बालमंदिर बाजूला ठेवून अंगणांत जाऊन बसावें लागलें. घरोघरच्या आईबापांना इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. पुढच्या पावसाळ्यांत जव्हारला जाणाऱ्या कुटुंबानें दरीचें छायाचित्र अवश्य काढावें. मग वाटेवर रानभाजी किंवा करवंदांचे द्रोण घेऊन बसलेल्या मुलीशीं भाव करण्याआधीं आपल्या मुलाला तिच्याशीं दोन शब्द बोलूं द्यावें : ती कोणत्या इयत्तेंत आहे, ही भाजी कोठें उगवते, ती कशी ओळखावयाची. ह्या विषयांत ती मुलगी जाणती आहे आणि आपलें मूल अजाण, हें त्याला कळूं द्यावें. तिलाहि शहराविषयीं कांहीं विचारावयाचें असेल. तिच्या प्रश्नाला त्यानें नीट उत्तर द्यावें, आणि गाडी तेवढा वेळ उभी राहूं द्यावी.